कुऱ्हाडीतला ऱ

नव्या आवृत्तीच्या टिपणात सगळ्यात खाली 'किरकोळ बदल' असा एक भाग असतो. मी वाचायला सुरुवात तिथूनच करते. वरचे ठळक बदल सगळं जग वाचतं, म्हणून लिहिणारेही ते जपून लिहितात. अडचणीचं असतं ते खाली सारलेलं असतं, पाहुणे येणार म्हटल्यावर पसारा पलंगाखाली सारतात तसं.

हेच माझं काम आहे. मेरू नावाची एक प्रोग्रॅमिंगची भाषा आहे, म्हणजे कॉम्प्युटरला कामं सांगायची भाषा. दर वर्षी तिची नवी आवृत्ती निघते. जुनीत आणि नवीत काय फरक पडला, कोणती गोष्ट आता चालणार नाही, कोणती वेगळी वागेल, हे मी मराठीत लिहून काढते. बोरगाव मेघेत वरच्या मजल्यावरची एक खोली भाड्यानं घेतली आहे, तिथं बसून. खालच्या मजल्यावर घरमालकीण सुलोचनाबाई राहतात. त्या लोकांना सांगतात, पोरगी घरबसल्या टायपिंग करते. मी दोनदा समजावलं, मग नाद सोडला. टायपिंग तर टायपिंग.

मी लिहिलेलं पुण्याचा धनंजय तपासतो. माणूस वाईट नाही, पण लांब वाक्य दिसलं की त्याच्या हाताला खाज सुटते. यंदा त्यानं ज्या परिच्छेदाला कात्री लावली तो 'ऱ'बद्दल होता.

गोष्ट अशी, की हा टिंबवाला ऱ कॉम्प्युटरच्या पोटात दोन तऱ्हांनी साठतो. एका कीबोर्डवर तो अख्खा एकच अक्षर म्हणून उमटतो. दुसऱ्या कीबोर्डवर आधी साधा र येतो आणि टिंब त्याच्यामागून वेगळं येऊन बसतं. डोळ्याला काहीएक फरक दिसत नाही. इथली कुऱ्हाड आणि तिथली कुऱ्हाड, दोन्ही कुऱ्हाडीच. जुनी मेरू दोन शब्द ताडून बघताना हा भेद मनावर घेत नसे. नवीला वेग हवा होता. त्यामुळे ती आता पोटात जसं साठलंय तसंच ताडते, आणि लॅपटॉपवर लिहिलेली कुऱ्हाड न् फोनवर लिहिलेली कुऱ्हाड तिच्या लेखी दोन वेगळ्या वस्तू झाल्या.

मी हे सगळं उदाहरणासकट लिहिलं होतं. धनंजयनं त्याची एक ओळ केली. 'मजकुराची तुलना आता अधिक काटेकोर आणि वेगवान.' आणि ती ओळ टाकली खाली, किरकोळमध्ये.

"एका अक्षरासाठी एवढं पुराण?" तो फोनवर म्हणाला. "किती लोकांचं अडणार आहे त्यानं?"

"मराठी लिहिणाऱ्या सगळ्यांचं."

"अगं, पण प्रोग्रॅममध्ये मराठी लिहितं कोण?"

मला इतका राग आला की मी फोनच ठेवून दिला. रागाच्या भरात एक साधी गोष्ट सुचली नाही. प्रोग्रॅममध्ये मराठी लिहिणारा माझा सख्खा भाऊ होता.

आमचं गाव चिचटोली. केळझरच्याही पलीकडे, जंगलाला खेटून बसलेली गोंडांची टोली, म्हणजे छोटी वस्ती. जंगलात वाघ आहेत. आमच्यात त्याचं नाव घेत नाहीत, 'मोठे' म्हणतात. मोठे आले, मोठे बसले, मोठ्यांनी बैल नेला. माझा भाऊ दुर्गेश जामच्या चौफुलीवर टायरच्या दुकानात काम करतो. मेरू त्याला मीच शिकवली आणि तो माझ्यापेक्षा वेड्यासारखा तिच्यात रमला. एका संस्थेनं दिलेले कॅमेरे त्यानं जंगलाच्या वाटांवर झाडांना बांधले. समोरून काही हललं की कॅमेरा फोटो काढून टोलीतल्या समाजमंदिरात ठेवलेल्या कॉम्प्युटरच्या एका छोट्या डब्याकडे पाठवतो. डब्यात दुर्गेशचा प्रोग्रॅम. फोटोत मोठे असावेत असं वाटलं, की समाजमंदिरावरचा भोंगा दुर्गेशच्याच आवाजात ओरडतो, "मोठे आले हो, मोठे आले! कुऱ्हाडीच्या नाल्यावर! घरात राहा!" प्रत्येक कॅमेऱ्याला तिथल्या जागेचं नाव, ते फोटोबरोबर येतं, आणि प्रत्येक जागेची वेगळी आरोळी.

तर त्या दिवशी दिशा उजळायच्या बेताला दुर्गेशचा फोन आला. रात्रपाळी संपवून तो दुकानासमोरच चहा पीत उभा होता, मागून ट्रकांचे आवाज येत होते.

"ताई, तुही नवीन मेरू भारी निंघाली ना वं!"

"तू टाकलीस?"

"मंग! तू लिवलं अन् म्या टाकलं नाई, असं होईन का? अन् तवापासून भोंगा एकदम शहाणा झाला. एकदाही फालतूचा वाजला नाई."

"फालतूचा म्हणजे?"

"अवं, कुऱ्हाडीच्या नाल्यात पाणी हाय ना. रोही आली का बोंबल, डुक्कर आलं का बोंबल, कोणाची गाय गेली का बोंबल. लोकं शिव्या देऊन राह्यले होते मले. आता कसा चूप हाय. माय म्हणे, आता मोहा वेचाले बेफिकीर जाता येते."

मी त्याला मधेच थांबवलं.

"दुर्गेश, त्या नाल्याचं नाव तू कशावर टाइप केलं होतं?"

"कायले?"

"सांग ना आधी."

"प्रोग्रॅम तुह्या जुन्या लॅपटॉपवर लिवला. कॅमेऱ्यात नाव टाकलं मोबाइलवरून. काऊन, काय झालं?"

"अन् नाव जुळलं नाही तर? तुझा प्रोग्रॅम काय करतो?"

तो थोडा लाजल्यासारखा हसला. "सोडून देते. तुले सांगतलं होतं ना, पयल्यांदा पोट्ट्यांनी डब्याच्या नंबरवर वाढदिवसाचे फोटो टाकले होते. मंग म्या नियमच केला, नाव ओळखीचं नसन त फोटो पाह्याचाच नाई."

मी त्याला सांगितलं. शक्य तितक्या हळू, एकेक शब्द करून. भोंगा शहाणा झालेला नाही. कुऱ्हाडीच्या नाल्यावरून येणारा प्रत्येक फोटो तो न बघता फेकून देतो आहे. बाकीच्या कॅमेऱ्यांच्या नावात ऱ नाही, म्हणून ते चालू आहेत. हा एकच आंधळा झाला आहे.

पलीकडे ट्रकचा हॉर्न वाजला आणि थांबला.

"ताई," तो म्हणाला, "माय आता गेली असन."

मोहाच्या दिवसांत आमच्या टोलीत पहाटेपासून म्हातारी माणसं आणि लेकरं सोडली तर कुणी घरी नसतं. फुलं पहाटे गळतात आणि ऊन चढायच्या आत वेचावी लागतात, नाहीतर रानडुकरं खातात. वेचणारी बाई वाकलेली असते, कधी दोन पायांवर बसलेली. लांबून ती माणसासारखी दिसत नाही, बसलेल्या जनावरासारखी दिसते. दर वर्षी कुठल्या ना कुठल्या गावात याच दिवसांत काहीतरी होतं. आमचे मोह नाल्याच्या पलीकडे आहेत. जायची वाट कुऱ्हाडीच्या नाल्यातून, आणि यायचीही तीच. दुसरी एक पांदण आहे, टेकडीला मोठा वळसा घालून, पण डोक्यावर टोपली घेऊन तिनं कोण येतं?

दुर्गेश म्हणाला, मोटरसायकल काढतो. मी त्याला जपून जा म्हटलं नाही. जामहून तो पोचेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असणार, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

मी बाबांना फोन लावला. बाबांचा, म्हणजे गोमाजी मडावींचा, फोन हे एक प्रकरणच आहे. हरवू नये म्हणून ते तो प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, बंद करून लोखंडी पेटीत ठेवतात. एरवी मी यावर खूप हसते. त्या दिवशी 'बंद आहे, बंद आहे' सांगणाऱ्या त्या बाईला मी खूप वाईट बोलले. मग शेजारच्या जयवंताकाकूंना लावला. घंटी वाजत राहिली. काकूही मोहाखालीच असणार. आणखी दोघीतिघींना लावून पाहिला. सगळ्या बाया रानात होत्या आणि सगळ्यांचे फोन घरात.

दर वर्षी माय जाते आणि दर वर्षी परत येते, असं मी स्वतःशी बोलत होते. मोठे काही रोज नाल्यावर येत नाहीत. एवढ्यात काय आभाळ कोसळतं? असं म्हणत म्हणत मी लॅपटॉप उघडला. अडचण आली तर बघ म्हणून दुर्गेशनं मला त्या डब्याची किल्ली दिली होती, इथून बसल्या बसल्या मला आत शिरता येत होतं. प्रोग्रॅमनं न बघता टाकून दिलेले फोटो एका कोपऱ्यात साठले होते. मी शेवटचे उघडले.

अंधारातले, राखाडी फोटो. पहिल्यात बाया नाला उतरताना. कपाळाला बॅटऱ्या, डोक्यावर रिकाम्या टोपल्या. सगळ्यात शेवटी माय. तिचा गुडघा दुखतो म्हणून ती नेहमी मागं राहते. नंतरच्या फोटोत नुसतं पाणी आणि दगड.

त्याच्या पुढच्यात मोठे होते.

उभे नव्हते, चालत नव्हते. पाण्याच्या कडेला, पुढचे पाय समोर टाकून, निवांत बसले होते. मान वर. तोंड मोहांच्या बाजूला. पुढचा फोटो तसाच, फक्त एक कान वळलेला. त्याच्या पुढचाही तसाच. आणि शेवटच्या फोटोत नुसती शेपटीची अर्धी वळवळ, चौकटीच्या कडेला. मग काही नाही. म्हणजे ते उठले होते. उठून कुठं गेले ते कॅमेऱ्याला दिसलं नव्हतं.

मला एवढंच कळत होतं, की माय नाल्याच्या पलीकडे आहे, मी इथं पलंगावर आहे, आणि मधे ते आहेत.

भोंगा मला इथून वाजवता येत होता. दुर्गेशची आरोळी तयार होती, नुसतं बोट लावायचा अवकाश. मी बोट ठेवलं आणि उचललं. ती आरोळी टोलीतल्या माणसांसाठी होती. 'घरात राहा.' रानात असलेल्या बाईला लांबून काय ऐकू येईल? 'मोठे आले हो.' एवढंच. आणि ते ऐकून ती काय करील? घराकडे पळेल. घराची वाट नाल्यातून.

मग मी दुर्गेशची आरोळी सोडली आणि लॅपटॉपसमोर स्वतः बोलले. आवाज निघाला तो ओरडण्यासारखा.

"माय! थांब! जिथं हायेस तिथंच थांब! नाल्यावर येऊ नको, नाल्यावर मोठे हायेत! सगळ्याजणी एका जागी राहा! पांदणीनं या! माय, नाल्यावर येऊ नको!"

ते भोंग्याला लावून दिलं. एकदा, पुन्हा, पुन्हा. डब्याकडून उत्तर येत होतं, वाजलं. वाजलं. वाजलं. मला काहीच ऐकू येत नव्हतं. बोरगावात सकाळ झाली होती. कोकिळा ओरडत होती, खाली दुधवाल्याची गाडी थांबली होती, आणि माझा आवाज तिकडे केळझरच्या पलीकडे रानात बोंबलत फिरत होता.

माझं ओरडणं ऐकून सुलोचनाबाई वर आल्या. दारातच थबकल्या.

"काय झालं बाई? कोणाशी भांडून राह्यली?"

मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. मग फोटोकडे नीट पाहिलं आणि काही न विचारता पलंगावर माझ्याशेजारी बसल्या. त्यांचा हात माझ्या पाठीवर होता. तो ओला होता, भांडी घासत उठून आल्या असाव्यात.

"तिथं कोण हाय तुही?"

"माय."

नवा फोटो आला.

आता उजेड होता, म्हणून रंग दिसले. नाल्यातलं पाणी, हिरवट दगड, आणि पाण्याच्या मधोमध एक बाई. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं. हातात टोपली नाही. एक पाय उचललेला, तोंड टोलीकडे. धावत होती. दुखऱ्या गुडघ्याची बाई त्या निसरड्या दगडांवरून धावत होती.

"ही तुही माय?" सुलोचनाबाईंनी विचारलं.

मी किंचाळले. "थांब म्हटलं होतं ना! तुले थांब म्हटलं होतं!" मी त्या फोटोवर ओरडत होते, जणू तिला अजून मागं फिरवता येणार होतं. एकटीच का? बाकीच्या कुठं गेल्या? मागून काही लागलं असेल का? मी भोंगा बंद केला. मग वाटलं, बंद केला ते चुकलं, मग पुन्हा लावला, मग पुन्हा बंद केला. काय केलं की काय होईल, काहीच कळेनासं झालं होतं.

पुढचा फोटो आला तेव्हा सुलोचनाबाईंनी माझे डोळे झाकायचा प्रयत्न केला. मी त्यांचा हात बाजूला केला.

मोठे पाण्यात उभे होते. माय जिथं होती त्याच दगडांपाशी. चौकट भरून राहिली होती त्यांच्या अंगानं. तोंड टोलीकडे, ती गेली त्या दिशेला.

त्यानंतर फोटो आला नाही. मी वाट बघत होते. सुलोचनाबाई पुटपुटत होत्या, कुठल्यातरी देवाचं नाव असावं. दुर्गेशचा फोन आला, वाऱ्याच्या आवाजात तो काहीतरी ओरडून विचारत होता. "सांग ना ताई, सांग ना!" तो रडायला लागला. मी फोन कापला. मला कुणाचं ऐकायचं नव्हतं. मला फक्त तो नाला दिसायला हवा होता आणि नको होता. कापसाच्या हंगामात पायात काटा मोडला की माय सुईनं काढायची, आणि काढताना म्हणायची, 'पाहू नको, मंग दुखत नाई.' मी तशीच बसले, न पाहता पाहत.

मग बाबांच्या नंबरवरून फोन आला. जो फोन पेटीत बंद असतो, त्या नंबरवरून.

"ज्योत्स्ना?" मायचा आवाज. धापा टाकत होती. "कुठं हायेस वं तू? म्या समाजमंदिरात पाह्यलं, घरात पाह्यलं. तू त कुठंच नाई!"

सुलोचनाबाईंनी फोन माझ्या कानाला नीट धरला.

"काय झालं तुले? कोणी मारलं? सांगत काऊन नाई?"

"माय, तुले थांब म्हटलं होतं ना मी!"

"कधी?"

"भोंग्यातून! नाल्यावर येऊ नको म्हटलं! नाल्यावर मोठे हायेत म्हटलं!"

तिच्या धापा अजून थांबल्या नव्हत्या.

"मले काय तेवढं समजते लांबून?" ती हळू म्हणाली. "तुहा आवाज आला. माय माय करून रडून राह्यली होती तू. मले वाटलं, पोरगी घरी आली, काहीतरी झालं तिले. जयवंता म्हणे थांब, काय म्हणते ते ऐकू दे. म्या तिच्या हाताले हिसका देल्ला अन् पळाली. पोरगी रडून राह्यली अन् मी काय मोहा वेचत बसू?"

मी रडले. आयुष्यात तशी रडले नव्हते. एकेक शब्द नेमका असावा म्हणून मी लोकांशी भांडते, वर्षभर तेच करते. जे नेमके शब्द मी पाठवले ते मायपर्यंत पोचलेच नाहीत. पोचली ती माझी भीती, आणि तिनं मायला नेमकी तिथंच ओढून आणलं जिथं तिनं यायला नको होतं. भोंगा वाजवला नसता, तर ती मोहाखालीच बसली असती. तिथं काय झालं असतं ते मला माहीत नाही. इथं नाल्यात काही का झालं नाही, तेही माहीत नाही. मोठ्यांनी तिला जाऊ दिलं, एवढंच.

माय पळाल्यावर जयवंताकाकू जागीच थांबून कान देत राहिल्या, आणि पुढच्या खेपेला त्यांना 'नाल्यावर येऊ नको' स्पष्ट ऐकू आलं. त्यांनी बाकीच्या बायांना एका जागी धरून ठेवलं. भोंगा ऐकून बाबा आणि टोलीतली म्हातारी माणसं डबे वाजवत पांदणीनं गेली आणि त्यांना घेऊन आली. मायची टोपलीही कुणीतरी आणली.

दुपारी बसनं निघण्याआधी मी धनंजयला फोन केला. भांडायची ताकद नव्हती, नुसतं काय घडलं ते सांगितलं. तुझा पूर्ण परिच्छेद वर घेतो, सगळ्यात वर, म्हणाला. मग चाचरत विचारलं, उदाहरण कुठलं देऊ?

"कुऱ्हाडीचंच दे," मी म्हटलं. "पण हे बघ, चिचटोलीत तुझं टिपण कोण वाचणार आहे? दुर्गेशनंसुद्धा वाचलं नव्हतं. त्यानं बहिणीचं नाव बघितलं अन् नवी मेरू टाकून घेतली."

मग मी बस पकडली.

मी टोलीत पोचले तेव्हा दुर्गेश समाजमंदिरात डब्यासमोर बसला होता. डोळे सुजलेले. त्यानं नावं नव्यानं, एकाच कीबोर्डवर लिहिली होती, आणि ओळखीचं नाव नसलं तर फोटो फेकायचा तो नियम काढून टाकला होता. मी तपासलं, बरोबर होतं. सकाळचाच मोठ्यांचा फोटो आम्ही पुन्हा त्याच्या तोंडी घातला. भोंगा कडाडला, टोलीतली कुत्री भुंकत सुटली, लेकरं घरात पळाली. सगळ्यांना फार बरं वाटलं. बाबांनी दुर्गेशच्या पाठीवर थाप मारली.

माय अंगणात मोहफुलं पसरत होती. ओल्या फुलांचा गोड, जड वास सुटला होता. मी तिच्याजवळ जाऊन बसले. नाल्यात तिच्या मागून काय आलं होतं तो फोटो मी तिला दाखवला होता. तिनं तो पाहून फोन परत दिला होता. आता तिनं विचारलं.

"तू बदल लिवतेस ना वं? कोणतं पयले कसं होतं अन् आता कसं झालं ते?"

"हो."

"मंग मले समजून सांग. भोंगा वाजला, त मोठे आले, हे मले समजलं. नाई वाजला त म्या काय समजाचं?"

मी विचार करू लागले. नाही वाजला म्हणजे मोठे नाहीत. किंवा कॅमेऱ्यावर माकड बसलं आहे. किंवा वीज गेली आहे. किंवा लांब कुठंतरी, ज्याला चिचटोली ठाऊक नाही अशा कुणाला वेग हवा झाला आणि त्यानं एक टिंब वेगळं मोजलं. यातलं एकही मी तिला खोटं म्हणून सांगू शकत नव्हते.

"नाई वाजला तरी भ्याचं, माय," मी म्हटलं.

"वाजला तरी भ्याचं. नाई वाजला तरी भ्याचं." तिनं फुलांवरून हात फिरवला, माती लागलेलं एक बाजूला टाकलं. "मंग बदललं काय?"

तिनं टोमणा मारला नव्हता. पहाटे तिला पुन्हा नाला ओलांडायचा होता, म्हणून ती विचारत होती.